अंदाज आणि अधिकार

उन्हाळ्यातील संकटांचे अंदाज आपल्याकडे नाहीत, असे आता म्हणता येत नाही. उष्णतेच्या लाटेचा इशारा हवामान विभाग देतो, वणव्यांचा देहरादूनचे भारतीय वन सर्वेक्षण आणि सागराचा हैदराबादचे 'इन्कॉइस'. २०२४ च्या एप्रिल-मेमध्ये तिन्हींची कसोटी लागली. पालक्काडला उष्णतेची लाट आली, नैनिताल परिसरातील वणव्यांवर हवाई दलाला पाणी टाकावे लागले, तर केरळच्या किनाऱ्यावर दूर दक्षिण महासागरात उठलेल्या 'कळ्ळक्कडल' लाटा आदळल्या.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने अंदाजाचे मूल्य केवळ त्याच्या अचूकतेत नसते. त्यामुळे कोणता निर्णय बदलला, यात असते. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला व शेकडो अतिरिक्त मृत्यू झाले. २०१३ साली तेथील महापालिकेने कृती-आराखडा केला. कोणत्या इशाऱ्यावर कोणी काय करावे, हे त्यात आधीच ठरलेले होते.

अडचण पैशाची आहे. २०२१-२६ साठीच्या आपत्ती निधीच्या केंद्रीय यादीत थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. शिवाय अंदाज चुकला तर लेखापरीक्षणात आक्षेप येईल, ही भीती अधिकाऱ्याचा हात धरून ठेवते. वस्तुतः वर्षभरात आजारी न पडलेला मनुष्य विम्याचा हप्ता वाया गेला असे मानीत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ठरावीक पातळीचा इशारा मिळताच ठरावीक रक्कम खर्च करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास असावा. शवविच्छेदनाच्या अहवालानंतर मिळणारी मदत ही भरपाई असते, आपत्ती-व्यवस्थापन नव्हे.