नाव आधी की नियम आधी?

सरकारी नोकरीत तीन दशके काढल्यावर एक गोष्ट मनावर ठसते. ‘निवड’ हा शब्द जेथे येतो तेथे वाद येतोच. भरती असो, बढती असो की परदेशी प्रशिक्षणाला पाठवायच्या अधिकाऱ्यांची यादी असो, ज्याचे नाव यादीत नसते त्याला यादी अन्यायाची वाटते. हे वाटणे थांबवता येत नाही. मात्र त्या माणसाला आपण काय उत्तर देऊ शकतो, यावरून यंत्रणेची पारख होते. ‘नियम असा होता, तो तुम्हाला आधीपासून ठाऊक होता, आणि त्या नियमाने तुम्ही मागे पडलात,’ एवढे तीन खंडांचे वाक्य खरेपणाने उच्चारता आले तर निवड न्याय्य झाली असे मी मानतो. राष्ट्रीय क्रीडासंघांच्या निवडीकडेही मी याच दृष्टीने पाहतो.

कुस्ती, मुष्टियुद्ध, ज्यूडो, तायक्वांदो अशा द्वंद्वाच्या खेळांत हा प्रश्न विशेष टोकदार होतो. धावपटूची वेळ घड्याळ सांगते, भाल्याचे अंतर फीत सांगते. मल्लाची योग्यता मोजणारे असे साधन नाही. ती समोरच्या मल्लावर, त्या दिवसावर आणि पंचाच्या नजरेवर अवलंबून असते. शिवाय ऑलिंपिकमध्ये एका वजनगटात देशाचा एकच खेळाडू उतरतो. दुसऱ्या क्रमांकाच्या वाट्याला काहीच येत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हे अविभाज्य बक्षीस आहे, आणि अशा बक्षिसाच्या वाटपात तडजोडीला जागा नसते. हरियाणातले किंवा कोल्हापूर-साताऱ्याकडचे एखादे कुटुंब मुलाच्या खुराकासाठी दहा-बारा वर्षे पोटाला चिमटा घेते, ते या एका जागेच्या आशेवर. रेल्वेतली, पोलिसातली किंवा सैन्यदलातली नोकरीही पुष्कळदा त्याच जागेला बांधलेली असते. म्हणून ही निवड केवळ खेळापुरती राहत नाही. सार्वजनिक संधीचे ते वाटप असते.

या वादाची परंपरा जुनी आहे. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी स्पर्धेच्या संघातून जवळजवळ वगळले गेले होते. मद्रासच्या स्पर्धेत गुण देताना पक्षपात झाला अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली, आणि प्रतिस्पर्ध्याला चीतपट करून खाशाबांनी आपली जागा मिळवली, अशी ही हकिगत सांगितली जाते. आपण ती अभिमानाने सांगतो. मला मात्र त्यात एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसते. न्याय मिळाला तो महाराजांच्या कृपेने. महाराज भेटले नसते, किंवा त्यांच्या मनात आले नसते, तर ते कांस्यपदक गोळेश्वरला आले नसते. कृपेने मिळालेला न्याय हा न्याय असला तरी ती व्यवस्था नव्हे.

त्यानंतर महाराजांची जागा उच्च न्यायालयाने घेतली, एवढाच फरक पडला. २०१५ साली लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत नरसिंग यादवने कांस्यपदक जिंकून ७४ किलो गटात देशासाठी रिओ ऑलिंपिकची जागा मिळवली. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला हा मल्ल मराठी वाचकांना परिचित आहे. दुसऱ्या बाजूला सुशील कुमार होता, २००८ चे कांस्य आणि २०१२ चे रौप्य मिळवणारा. त्याचा ६६ किलोचा गट रद्द झाल्याने तो ७४ मध्ये आला होता. त्याची मागणी एवढीच होती की चाचणी घ्या. जून २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती फेटाळली; संघ निवडणे हे महासंघाचे काम आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. पुढे नरसिंग उत्तेजक चाचणीत अडकला, देशांतर्गत चौकशीत सुटला, आणि ऐन स्पर्धेत आंतरराष्ट्रीय लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. त्या गटात भारताचा मल्ल मॅटवर उतरलाच नाही.

कोण बरोबर होता? जागा जिंकणाऱ्याला पाठवावे हे तत्त्व समजण्यासारखे आहे. जागा देशाची असते, म्हणून त्या घडीचा सर्वोत्तम मल्ल पाठवावा, हे तत्त्वही तितकेच समजण्यासारखे आहे. यांपैकी कोणते तत्त्व लागू होणार हे लास वेगासच्या आधीच सर्व मल्लांना निःसंदिग्ध शब्दांत लेखी कळवलेले असते, तर न्यायालयात जायला कारणच उरले नसते.

२०२३ मध्ये हेच अधिक कटू रूपात घडले. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर महिला मल्लांनी लैंगिक छळाचे गंभीर आरोप केले होते, जंतरमंतरवर आंदोलन झाले होते, आणि महासंघाचा कारभार हंगामी समितीकडे होता. आशियाई स्पर्धेसाठीच्या चाचण्या २२ आणि २३ जुलैला होत्या. १८ जुलैला, म्हणजे अवघे चार दिवस आधी, समितीने बजरंग पुनिया आणि विनेश फोगाट यांना चाचणीतून सूट दिली. अंतिम पंघाल ही २० वर्षांखालील जागतिक विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय महिला मल्ल आणि सुजीत कलकल यांनी न्यायालयात धाव घेतली. याचिका फेटाळली गेली. पुढे दुखापतीमुळे विनेशने माघार घेतली, अंतिम गेली आणि कांस्यपदक घेऊन आली. बजरंग कांस्यपदकाची कुस्ती हरला.

येथे दोन हिशेब वेगळे ठेवणे आवश्यक आहे. महिला मल्लांची तक्रार गंभीर होती. तिची दाद चौकशीने आणि खटल्यानेच लागली पाहिजे. आंदोलनामुळे ज्यांचा सराव बुडाला त्यांना तयारीला वेळ मिळावा, हेही रास्त होते. पण अशा वेळी चाचणी सर्वांसाठीच पुढे ढकलता येते का, हे पाहावे. एका अन्यायाची भरपाई ज्या तिसऱ्या व्यक्तीचा त्याच्याशी काही संबंध नाही तिच्या खात्यातून करता येत नाही. आणि तशी भरपाई केल्याचा नुसता समज झाला तरी मूळ तक्रारीचेच नैतिक बळ कमी होते.

याउलट उदाहरण मुष्टियुद्धातले. २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेसाठी मेरी कोमशी लढत न देताच निखत झरीनला बाजूला ठेवले गेले. ऑलिंपिक पात्रतेच्या वेळी तिने क्रीडामंत्र्यांना जाहीर पत्र लिहिले. २८ डिसेंबर २०१९ रोजी लढत झाली आणि मेरी कोम ९-१ अशी जिंकली. निखतची मागणी मान्य झाली आणि ती हरली; पण वाद तेथेच संपला. रिंगणात पत्करलेली हार माणूस पचवतो, बंद खोलीत झालेली हार आयुष्यभर सलते. निखत २०२२ मध्ये जागतिक विजेती झाली.

हा रोग केवळ आपलाच आहे असे नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी ब्रिटनने तायक्वांदोच्या ८० किलोखालील गटात जागतिक क्रमवारीत पहिल्या असलेल्या आरोन कुकला वगळून लुटालो मुहम्मदला निवडले. कुक आदल्या वर्षी राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र सोडून स्वतंत्रपणे सराव करू लागला होता, त्यामुळे संशय बळावला. ऑलिंपिक संघटनेने निवडीचा फेरविचार करायला लावला, नाव तेच राहिले. मुहम्मदने कांस्यपदक मिळवले. कुक पुढे रिओत मोल्दोव्हाकडून खेळला.

‘पदक आले ना, मग निवड योग्यच होती’ असे अशा वेळी म्हटले जाते. हा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पटू नये. जो गेला नाही त्याने काय केले असते हे कधीच कळत नाही. मुहम्मदच्या पदकाने निवड न्याय्य ठरत नाही, आणि बजरंगच्या पराभवाने ती अन्याय्य ठरत नाही. प्रक्रियेचा न्याय प्रक्रियेतच शोधावा लागतो.

मग उत्तम पद्धत कोणती? निर्दोष अशी एकही नाही. चाचणी एका दिवसाची असते. दुखापत, घाईने घटवलेले वजन, पंचाची चूक, सारे त्यात येते. मागील कामगिरी पाहावी, तर परदेशी स्पर्धांचे गुण ज्याला पाठवले त्यालाच मिळतात. एकदा आत आलेला आतच राहतो आणि बाहेरच्याला दार सापडत नाही. प्रशिक्षकांनी शिबिरात गुण द्यावेत, तर आपल्याकडच्या जुन्या गोपनीय अहवालांची आठवण होते. २०२३ मध्ये मुष्टियुद्ध महासंघाने अशीच मूल्यमापन पद्धत आणली आणि तीन महिला खेळाडू न्यायालयात गेल्या.

फिन किडलंड आणि एडवर्ड प्रेस्कॉट यांचा १९७७ चा प्रसिद्ध निबंध नाणेधोरणासारख्या विषयांवरचा असला तरी त्याचे मर्म येथे लागू पडते. प्रत्येक क्षणी ‘आत्ता सर्वांत योग्य काय’ असे ठरवणारी सत्ता, दीर्घकाळात, आधी जाहीर केलेला नियम पाळणाऱ्या सत्तेपेक्षा वाईट फळ देते, कारण तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. नियम बदलू शकतो हे एकदा कळले की खेळाडू सरावाबरोबर ओळखीपाळखी वाढवण्यातही शक्ती घालवू लागतो.

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत.

१. निवडीचा नियम पात्रता स्पर्धा सुरू होण्यापूर्वी जाहीर व्हावा आणि त्या फेरीपुरता बदलू नये. नावे दिसू लागल्यावर लिहिलेला नियम हा नियम नसून आदेश असतो.

२. सूट द्यायचीच तर ती व्यक्तीला नव्हे, अटीला द्यावी. अमेरिकी कुस्तीत जागतिक पदकविजेत्याला चाचणीच्या थेट अंतिम फेरीत जागा मिळते आणि तेथे तीनपैकी दोन कुस्त्या जिंकाव्या लागतात. कर्तृत्वाचा मान राहतो आणि आव्हानवीराचे दारही बंद होत नाही.

३. मूल्यमापनाचे गुण खेळाडूला कारणांसह दाखवावेत. सरकारी अधिकाऱ्याला त्याच्या अहवालातली प्रत्येक नोंद कळवली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त खटल्यात सांगितले. मग खेळाडूला ती का नसावी?

४. ज्याचा शिष्य, नातेवाईक किंवा संस्थेचा मल्ल स्पर्धेत आहे, त्याने समितीतून उठून जावे, आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी.

५. अपिलाचा निकाल विमान सुटण्यापूर्वी लागावा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. त्याची उपयुक्तता किती दिवसांत निर्णय येतो यावर ठरेल.

यावर एक आक्षेप येईल. खेळातले सारे नियमात बसत नाही, जाणकाराच्या नजरेला काही मोल आहे की नाही? आहेच. अनुभवी वस्तादाला जे दिसते ते गुणपत्रकात उतरत नाही. पण विवेकाधिकार आणि लहर यांत भेद करणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे लेखी कारण. ज्या निर्णयाचे कारण चार ओळींत लिहिता येत नाही, तो जाणकाराचा असला तरी टिकू नये. फायलींवर ‘चर्चा झाली, मान्य’ एवढेच लिहून मोठाले निर्णय घेतलेले मी पाहिले आहेत. वर्षभराने ती चर्चा कोणालाच आठवत नाही.

खेळाडूला सरकार फार थोड्या वेळा प्रत्यक्ष भेटते. वजनाच्या काट्यापाशी, चाचणीच्या यादीत आणि निवडीच्या पत्रात. तेथे त्याला जे दिसते त्यावरून राज्यसंस्थेविषयीचे त्याचे मत बनते, आणि घरी, तालमीत, गावात तेच मत पसरते. शंभर मुलांनी लंगोट बांधला तर नव्याण्णव जण राष्ट्रीय संघात जाणार नाहीत, हे त्यांच्या वस्तादांनाही ठाऊक असते. त्या नव्याण्णवांना आपण हरलो, फसवले गेलो नाही, एवढी खात्री देणे शासनाच्या हाती आहे. त्याला पैसाही फारसा लागत नाही.