अठरा वर्षे पुरी झाली, आता जायचे कुठे?

गेल्या महिन्यात घाटकोपरला एका मुलासाठी खोली शोधायला आम्ही तीन-चार गल्ल्या पालथ्या घातल्या. मुलगा मूकबधिर, बालगृहात वाढलेला, हाताला शिवणकाम. घरमालकांचे प्रश्न तेच. गाव कुठले? वडील काय करतात? हमी कोण देणार? पहिल्या दोहोंना उत्तर नव्हते. हमी आम्ही देतो म्हटले, तर एक मालकीणबाई म्हणाल्या, "ते ठीक हो, पण रात्री आग लागली आणि हाक मारली, तर त्याला ऐकू येणार आहे का?" बाई वाईट नव्हत्या. आम्हीच गप्प झालो.

आपल्या घरचा मुलगा अठरा वर्षांचा झाला की मतदार यादीत नाव घालायची घाई असते. बालगृहातल्या मुलाला मात्र सामान बांधायची धास्ती. त्यात तो अपंग असेल (आता दिव्यांग म्हणतात, शब्द बदलला, जिना तोच आहे) तर विचारूच नका.

कायदा नाही असे नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४६ मध्ये बाहेर पडणाऱ्या मुलाला आर्थिक मदतीची तरतूद आहे. नियमांप्रमाणे २१ वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून २३ पर्यंत आधार देता येतो. मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दरमहा ४००० रुपये धरले आहेत. पण एवढ्यात घाटकोपर-मुलुंडला भाडे भरायचे की जेवायचे? आणि डिपॉझिट कुठून आणायचे?

अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी वेगळी वाट धरली. बेवारस, अपंग मुलांना अठरानंतरही आपल्याच आश्रयाला ठेवले, आपले आडनाव दिले. अशा मुलांना आजन्म राहू देणारा कायदा व्हावा, ही त्यांची जुनी मागणी. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची लेक माला. जळगाव रेल्वे स्थानकावरच्या कचराकुंडीत सापडलेली, डोळ्यांनी अधू. ब्रेल शिकली, अमरावतीला पदवी घेतली, २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा पास झाली. पुढे नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात तिची नेमणूक झाली. म्हणजे आमच्याच जातकुळीची, कारकून! पास झाली तेव्हा वय पंचविशीच्या पुढे. अठराव्या वर्षी पिशवी हातात देऊन तिला दाराबाहेर काढले असते, तर?

आम्ही कागद रंगवणारी माणसे, म्हणून कागदाचेच सांगतो. मूल संस्थेत आहे तोवरच अनाथ प्रमाणपत्र, दिव्यांग प्रमाणपत्र आणि बँकेचे खाते करून घ्यावे. बाहेर पडल्यावर पत्ता नसतो, आणि पत्त्यावाचून कुठलीच खिडकी उघडत नाही. नोकरीत अनाथांसाठी राज्याने २०१८ मध्ये १ टक्का जागा राखल्या, दिव्यांगांना २०१६ च्या कायद्याने ४ टक्के. पण अनाथ प्रमाणपत्र हाती नसेल तर तो १ टक्का त्याच्या काय कामाचा? मतिमंद मुलाचे तर अठरानंतर सही कोण करणार इथूनच अडते. त्याच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमता येतो, हे पुष्कळ आई-वडिलांनाही ठाऊक नसते.

त्या शिवणकामवाल्या मुलाला अजून खोली मिळालेली नाही. दिव्याने चालणारी दारावरची घंटा मिळते, ती आम्ही बसवून देऊ. घाटकोपर ते मुलुंड कुणाचा पोटमाळा रिकामा असेल तर रविवारी सकाळी विहारात भेटावे. भाडे दर महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळेल.