बक्षीस कोणाच्या खिशातून?



कापसाचा चुकारा हाती पडला की आपल्या दारी पाहुणे वाढतात. पूर्वी साखळी योजनांचे एजंट यायचे, आता मोबाईलमधल्या नाण्यांचे येतात. "भाऊ, नुसतं नाव नोंदवा, नाणी फुकट. पाच जण जोडा, आणखी नाणी. न विकता ठेवा, त्यावर व्याज." दाता एवढा उदार झाला की माझा एकच प्रश्न असतो : हे बक्षीस कोणाच्या खिशातून?

पुण्यात गुन्हे दाखल झालेले 'गेनबिटकॉइन' प्रकरण पाहा. २०१५ साली अमित भारद्वाज यांनी ही योजना सुरू केली. तुमचे बिटकॉइन आम्हांला द्या, आम्ही संगणकांवर नवे काढू आणि १८ महिने दरमहा १० टक्के परत देऊ, असे वचन होते. म्हणजे एकाचे १.८! माणसे आणणाऱ्याला वेगळा वाटा.

मी शेतकीचा पदवीधर. कोणतीही योजना आली की आधी उत्पादन विचारतो. बिटकॉइनच्या व्यवहारांची वही जगभरचे संगणक लिहितात. एक पान पुरे करणाऱ्याला नवी नाणी मिळतात. २००९ मध्ये ती ५० होती. २०१२ मध्ये २५ झाली, जुलै २०१६ मध्ये १२.५, २०२० मध्ये ६.२५ आणि २०२४ पासून ३.१२५. साधारण चार वर्षांनी पीक निम्मे, हा नियमच आहे.

जुलै २०१६ मध्ये पीक एका दिवसात निम्मे झाले. त्याआधीच्या करारात मात्र १० टक्केच लिहिलेले! आठ क्विंटल देणारे शेत चारवर आले आणि बटाईदार म्हणाला, "तुमचा वाटा गेल्या वर्षीएवढाच घ्या," तर आपण काय समजतो? तो शेतातून देत नाही, दुसऱ्याचे आणून देतो.

२०१७ मध्ये ओघ आटला, तेव्हा बिटकॉइनऐवजी घरचेच 'एमकॅप' नावाचे नाणे हाती ठेवले गेले. त्याची किंमत फारच कमी. चालते नाणे गेले, घरचा बिल्ला मिळाला. २०१८ मध्ये भारद्वाज यांना अटक झाली, जानेवारी २०२२ मध्ये ते वारले. लोकांकडून घेतलेल्या बिटकॉइनची २०१७ मधली किंमत ६,६०० कोटी रुपये होती, असे ईडी सांगते. फेब्रुवारी २०२५ मध्येही सीबीआय देशभर झडत्या घेत होती.

कोणी म्हणेल, सगळेच लबाड नसतात. मान्य. सप्टेंबर २०२० मध्ये युनिस्वॅप या नाणेबाजाराने जुन्या वापरकर्त्यांना प्रत्येकी ४०० नाणी खरोखर फुकट दिली आणि ती विकलीही गेली. पण विकत घेतली कोणी? मागून आलेल्यांनी. नाणे तयार करायला खर्च नाही, त्याचे रुपये मागचा माणूस देतो. बियाणे कंपनी दुकानदाराला परदेशवारी घडवते, तेव्हा तिचे पैसे आपल्या सरकीच्या पाकिटातूनच जातात ना?

एजंटाचे शेवटचे अस्त्र : "सरकार कर घेते, म्हणजे कायदेशीर." एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. कर म्हणजे हमी नव्हे. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. इथे एका रुपयालाही नाही.

सर्वांत वाईट पुढेच आहे. माणूस जोडायला परका येत नाही. आपलाच भाचा येतो, शाळासोबती येतो. त्याला दिलेले बक्षीस नाण्याचे नसते, तुमच्या त्याच्यावरच्या विश्वासाचे असते. योजना बुडाली की मालक दिसत नाही, भाचा मात्र पोळ्याला समोर उभा राहतो. पैसा एका हंगामात गेला तर पुढच्या हंगामात उभा करू. गावातला विश्वास कोणत्या हंगामात पेरायचा?

म्हणून जाम, गिरड, नंदोरी, समुद्रपूर, कुठेही असा पाहुणा आला तर चारचौघांत तीन प्रश्न विचारा. पीक कशाचे? रुपये कोण देतो? नवा माणूस आला नाही, तर माझे काय? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर चहा पाजा आणि निरोप द्या. चुकारा घरातच ठेवा.