समुद्रातली हरळी

आठवडाभर ऑफिसात बग मारायचे आणि शनिवार-रविवारी घरी एका इंचभर प्राण्याशी लढायचं, असं माझं गेलं वर्ष गेलं. त्या लढाईत माझ्या हातून एक चूक झाली. ती काही केल्या मनातून जात नाही, म्हणून हे लिहितोय.

इथे न्यू जर्सीत आमच्या हॉलमध्ये ५५ गॅलनची, म्हणजे साधारण २०८ लिटरची, खाऱ्या पाण्याची टाकी आहे. त्यात जिवंत प्रवाळ आणि दोन 'निमो' मासे. टाकी लेकीच्या हट्टाने आली आणि अशा सगळ्या गोष्टींप्रमाणे तिची साफसफाई माझ्याकडे आली. दीड वर्षापूर्वी एक नवीन प्रवाळ आणला. त्याच्या दगडाच्या खोबणीत काहीतरी तपकिरी, अर्धपारदर्शक, चिमुकल्या माडासारखं डुलत होतं. लेक म्हणाली, "बाबा, फुकट फूल मिळालं!" मीही खूश. फुकट ते पौष्टिक! च्यायला, तिथेच फसलो.

हे फूल म्हणजे एप्टेशिया. समुद्रफुलांच्या जातीतला प्राणी, पण घरच्या टाकीत निव्वळ तण. याच्या अंगात सूक्ष्म शेवाळं राहतं, ते उजेडावर अन्न बनवतं. शिवाय माशांच्या ताटातलं उरलंसुरलं असतंच. शेजारी प्रवाळ असला की हा त्याला डंख मारून मागे रेटतो. आणि सरकताना पायाचा बारीकसा तुकडा जरी दगडावर राहिला, तरी त्यातून नवा प्राणी उभा राहतो. मी हे वाचायच्या आधीच चिमट्याने एक खरवडून काढला होता. तीन आठवड्यांनी त्याच जागी सात!

त्याच सुमारास आई सांगलीहून आली होती. तिने दोन मिनिटं टाकीकडे बघितलं आणि म्हणाली, "अरे, ही तर हरळी आहे! वरून उपटून जाते होय? पेर राहिलं की फुटलीच." शेतकऱ्याच्या मुलीला जे दोन मिनिटांत कळलं, ते इंजिनिअरला कळायला महिना लागला. असो.

मग शास्त्रोक्त उपाय सुरू केले. पहिला उपाय चुना. हो, चुनाच! या छंदातले लोक जर्मन शब्द वापरून 'काल्कवासर' म्हणतात, पण ती आपली चुन्याची निवळीच. ती दाट कालवायची, पंप बंद करायचे, सिरिंजने हळूच त्याच्या तोंडावर थापायची आणि थोडा वेळ पाणी हलू द्यायचं नाही. (पानाच्या टपरीवरचा चुना नको, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या.) एका दिवशी दोन-तीनच मारायचे, नाहीतर सगळ्या टाकीचा पीएच चढतो. उपाय चांगला आहे, पण दगडाच्या आतल्या फटीत सिरिंज पोचत नाही. आणि मला घाई होती. मार्चपर्यंत मोजले तेव्हा चाळीसच्या वर गेले होते.

दुकानदार म्हणाला, कॉपरबँड बटरफ्लाय घेऊन जा, तो चट्टामट्टा करेल. हा मासा देखणा, अंगावर तांबूस पट्टे, चिमट्यासारखं लांब तोंड. बहुतेक इंडोनेशिया-फिलिपिन्सकडच्या समुद्रातून पकडून आणतात. तो एप्टेशिया खातो हे खरं. पण सगळेच खातात असं नाही, आणि बंदिस्त जागेत पुष्कळदा तो दुसरं काही तोंडातच घेत नाही. हे मला माहीत होतं. चार ठिकाणी वाचलं होतं. तरी आणला.

पहिले आठ दिवस त्याने थोडे टिपले. मग थांबला. मी गोठवलेली कोळंबी दिली, शिंपले उघडून दिले, लेकीने तर काठीला बांधून त्याच्या तोंडासमोर धरले. तो यायचा, बघायचा, वळून जायचा. पोट आत गेलं, पाठीची कड दिसायला लागली. पाचव्या आठवड्यात एका सकाळी तो पंपाच्या जाळीला चिकटलेला सापडला. लेकीने फक्त एवढंच विचारलं, "बाबा, तो आपल्याला हवा होता का, की फक्त त्याचं काम हवं होतं?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. अजूनही नाही.

तर माझं मत असं. जिवंत प्राणी ही औषधाची बाटली नव्हे. मासा किंवा कोळंबी आणायची तर ती त्या टाकीत जन्मभर जगेल, तण संपल्यावरही खाईल, याची खात्री असेल तरच. 'पेपरमिंट' कोळंबी या कसोटीला बऱ्यापैकी उतरते. ती एप्टेशिया नसला तरी इतर खाणं खाते. बर्गिया नावाची इवलीशी समुद्री गोगलगाय उलट. ती फक्त एप्टेशियाच खाते, म्हणजे काम फत्ते झालं की तिची उपासमार. पण ती माणसं घरी वाढवतात, त्यामुळे काम झाल्यावर ती पुढच्या गरजूकडे देता येते. ती तयारी नसेल तर तीही आणू नका.

कुणी म्हणेल, सुरमई आवडीने खाणाऱ्याने हे सांगू नये. मान्य, मी खातो. पण खाण्यासाठी मारणं वेगळं, आणि आपल्या आळसापायी पाच आठवडे उपाशी ठेवून मारणं वेगळं.

कारण मूळ दोष माझाच होता. नवीन प्रवाळ तपासून, वेगळ्या भांड्यात ठेवून मग टाकायला हवा होता. आणि मी माशांना गरजेच्या दुप्पट खायला घालत होतो. आता निम्मं घालतो, दर शनिवारी तीन एप्टेशियांना चुना लावतो आणि तीन पेपरमिंट कोळंब्या रात्रपाळी करतात. काल मोजले, अकरा आहेत. शून्य होणार नाहीत बहुतेक, आणि आता मला शून्याचा हट्टही नाही.

एक गंमत सांगून थांबतो. प्रवाळ पांढरे का पडतात, शेवाळाशी त्यांची सोयरीक का तुटते, हे शोधणारे शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत मुद्दाम एप्टेशिया वाढवतात. पटापट वाढतो आणि शेवाळाशिवायही जगतो, म्हणून. २०१५ साली त्याचा अख्खा जीनोम प्रसिद्ध झाला. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग? हरळीच्याच दूर्वा होतात ना गणपतीला!"

चला, पंप बंद करायची वेळ झाली.