बाईला नको, रसायनाला हलवा

इथे सिंगापुरात पहिली वेफर फॅब १९८४ साली आंग मो किओला सुरू झाली. फॅब पाहणारा माणूस तिथल्या स्वच्छतेनेच भारावतो. पण मंडळी, ती स्वच्छता चिपसाठी असते. धूळ अडवणारे फिल्टर सॉल्व्हंटची वाफ अडवत नाहीत.

त्या काळी चिपवर नक्षी उमटवायच्या रसायनांत जगभर ग्लायकॉल ईथर वापरत. त्यातलं २-मेथॉक्सिइथेनॉल कातडीतूनही आत शिरतं आणि यकृतात त्याचं मेथॉक्सिॲसेटिक आम्ल बनतं. प्राण्यांवरच्या चाचण्यांत नरांचे वृषण आक्रसले, गर्भात व्यंगं दिसली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे ठाऊक होतं. तरी अमेरिकेत कामगार बायकांचे गर्भपात मोजून १९९२ साली दोन मोठ्या अभ्यासांनी धोका दाखवला, तोवर ती रसायनं वापरात होतीच. उंदरांनी सांगितलेलं बायकांकडून पुन्हा कशाला वदवून घ्यायचं?

'गरोदर बाईला दुसरं काम द्या' हा उपाय सोयीचा, पण अपुरा. गर्भाचे अवयव पहिल्या दोन महिन्यांतच घडतात. कित्येकींना तेव्हा दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. आणि पुरुषांचं काय? त्यांना कुठे हलवणार?

ग्लायकॉल ईथरच्या त्या जाती बऱ्याच ठिकाणी गेल्या, नवी रसायनं आली. २०२४ मध्ये गुजरातेत ढोलेऱ्याच्या फॅबला मंजुरी मिळाली. आपली मुलंमुलीही तिथे जातील. त्यांनी पगार विचारावाच, पण रसायनांची सुरक्षा-पत्रकंही मागावीत. अकराव्या भागात प्रजननावरच्या परिणामांची नोंद असते. तिथे 'माहिती उपलब्ध नाही' असं असेल, तर त्याचा अर्थ 'सुरक्षित' असा नव्हे.