‘आपल्या बायकांना जमणार नाही’ हे ठरवलं कोणी?

योनीत ठेवायच्या गर्भनिरोधक रिंगचा विषय निघाला, की डॉक्टरांमध्येही एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘छे, आपल्या बायकांना हे जमणार नाही!’

रिंग म्हणजे लहान मुलीच्या बांगडीएवढं, ५४ मिलिमीटर व्यासाचं मऊ कडं. तीन आठवडे आत ठेवायचं, चौथ्या आठवड्यात काढून ठेवायचं, मग नवं घालायचं. गोळीतल्यासारखीच दोन संप्रेरकं त्यातून थोडी थोडी पाझरतात. अमेरिकेत २००१ मध्ये तिला मान्यता मिळाली. परिणाम गोळीइतकाच. अगदी काटेकोर वापरली तर वर्षभरात हजारात तिघींना दिवस जातात. माणसं प्रत्यक्षात वापरतात तशी वापरली, तर शंभरात सात जणींना. तांबी याहून खात्रीची आहे, हे सांगायलाच हवं. पण रिंगमुळे रोजची आठवण सुटते, आणि गोळ्यांचं पाकीट सासूच्या नजरेआड ठेवण्याची कसरतही.

आता ‘जमणार नाही’बद्दल. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत सुरुवातीला ६६ टक्के स्त्रियांची पसंती गोळीला होती. तीन पाळ्यांपर्यंत रिंग वापरल्यावर ८१ टक्के जणी रिंगच्या बाजूने झाल्या. त्या पाश्चात्त्य देशांतल्या आणि स्वखुशीने आलेल्या होत्या, हे मान्य. पण मासिक पाळीच्या कपबद्दलही आपण हेच म्हणत होतो ना? केरळात आलप्पुळा इथे २०१९ मध्ये पाच हजार कप वाटले गेले. तोही तिथेच ठेवायचा असतो.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या जवळपास ३८ टक्के विवाहित स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतली आहे. पुरुष नसबंदी ०.३ टक्के. पोटावरचा टाका जमतो आणि मऊ कडं जमत नाही, हे मला पटत नाही.

खऱ्या अडचणी वेगळ्या आहेत. विक्री होईपर्यंत रिंग थंड ठेवावी लागते. रक्तदाब, रक्ताच्या गाठी किंवा दृष्टीसमोर प्रकाश चमकून येणारी अर्धशिशी असेल, तर ती देता येत नाही. पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्यांनाही नाही. लैंगिक आजारांपासून संरक्षण मिळत नाही. सरकारी यादीत अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळी आली, रिंग मात्र नाही. आधी आरोग्य केंद्रातल्या नमुन्यांच्या ट्रेमध्ये, तांबीशेजारी, एक रिंग ठेवा. हातात घेऊन, वाकवून पाहू द्या. नको असेल तर त्या स्वतः सांगतील.