स्पार्क प्लगचा क्रमांक आणि लहान इंजिनाची निगा

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट धरली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांपर्यंत चढली आणि शहराच्या बाजारपेठेत पाणी शिरले. पूर ओसरल्यावर तळघरातील पाणी उपसावयाचे, पण वीज नाही. अशा वेळी पेढीचा आधार म्हणजे दोरी ओढून सुरू होणारा पेट्रोलचा पंप किंवा लहान जनरेटर. हे यंत्र वर्षातील बहुतेक दिवस कोपऱ्यात पडून असते आणि निकडीच्या घटकेला मात्र पहिल्या ओढीस चालावे, अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. ते चालत नाही तेव्हा दोष बहुधा बोटभर लांबीच्या एका वस्तूत सापडतो.

किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली, तेव्हापासून या पट्ट्यात यंत्र जाणणाऱ्या माणसांची उणीव कधी भासली नाही. तथापि येथील हात वळला तो मुख्यतः विहिरीवरच्या डिझेल इंजिनावर, आणि डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. दाबाने तापलेल्या हवेतच त्याचे इंधन पेटते. पेट्रोलचे लहान इंजिन अलीकडे पॉवर वीडर, फवारणी पंप, गवत कापणी यंत्र अशा रूपांनी सातारच्या आल्याच्या आणि सांगलीच्या उसाच्या शेतात शिरले. त्यामुळे जुना प्लग दुकानदारापुढे ठेवून “असाच द्या” म्हणण्याची रीत रूढ झाली. घोटाळा येथूनच सुरू होतो.

दोन प्लग दिसावयास जुळे भाऊ असले तरी तीन गोष्टींत भिन्न असू शकतात. पहिली गोष्ट आट्यांचा व्यास. बहुतेक लहान इंजिनांत तो १४ मिलिमीटर असतो, काही हलक्या यंत्रांत १०. यात चूक झाली तर प्लग बसतच नाही, म्हणून ती निरुपद्रवी. दुसरी गोष्ट आट्यांची लांबी. ९.५, १२.७ आणि १९ मिलिमीटर ही नेहमीची मापे. आखूड आट्यांच्या जागी लांब प्लग बसविला, तर तो दट्ट्यावर आदळण्याची भीती असते. उलट केल्यास ठिणगी खोबणीत दडते आणि उघड्या राहिलेल्या आट्यांत काजळी भरते.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही: उष्णतेची श्रेणी. प्लगचे टोक सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापले तरच त्यावरची काजळी आपोआप जळते. ते फाजील तापून लाल झाले तर ठिणगीची वाट न पाहता मिश्रण अवेळी पेटते आणि दट्ट्याला भोक पडेपर्यंत मजल जाते. टोकाची उष्णता लवकर बाहेर सोडणाऱ्या प्लगला ‘थंड’ म्हणतात, रोखून धरणाऱ्याला ‘गरम’. ही श्रेणी अंकाने दर्शविली जाते, पण सर्व कंपन्यांचे अंक एकाच दिशेने चालत नाहीत. एनजीके आणि डेन्सो यांच्या प्लगमध्ये अंक वाढला की प्लग थंड होत जातो. बॉश आणि चॅम्पियन यांच्यात अंक वाढला की गरम. एनजीकेचा ६ हा साधारणपणे बॉशच्या ७ च्या जोडीचा. म्हणजे अंकाला अंक जुळवून दिलेला प्लग चुकीचा ठरू शकतो, आणि देणाऱ्याची नियत साफ असूनही गिऱ्हाइकाचे इंजिन बिघडते. काउंटरवर तुलनेचा तक्ता टांगण्यास एका कागदाचा खर्च येतो!

एका उदाहरणाने क्रमांक वाचणे सोपे होईल. पंप व जनरेटरवर सर्रास आढळणाऱ्या होंडा जीएक्स १६० आणि २०० या इंजिनांस ‘बीपीआर६ईएस’ हा एनजीकेचा प्लग सांगितला आहे. यातील ‘बी’ म्हणजे १४ मिलिमीटर व्यास, ‘पी’ म्हणजे पुढे आलेले टोक, ‘आर’ म्हणजे आतील रोधक, ६ ही श्रेणी, ‘ई’ म्हणजे १९ मिलिमीटर आटे. रोधक ठिणगीमुळे होणारी विद्युत खरखर दाबतो. इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या जनरेटरला ‘आर’ नसलेला प्लग स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नये. टोकांमधील फट या इंजिनांत ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवावयाची असते. ती फीलर गेजने मोजावी आणि केवळ बाजूची पट्टी हलकेच वाकवून जुळवावी.

बनावट प्लगचा विषय व्यापारी वाचकांना परका नाही. पुसट छपाई, मध्यापासून सरकलेली पट्टी, खरखरीत आटे, उत्पादनाचा महिना वा उत्पादकाचा पत्ता नसलेले वेष्टन, या खुणा हाताळून माल घेणाऱ्यास सहज उमगतात. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांमध्ये ‘प्रतिरूपक व्यवहार’ गणला आहे. अस्सलाच्या जागी नकली देणे म्हणजे तोच. घाऊक पेठेतून डब्यात डबा मिसळून येतो, ही सबब खरी असली तरी काउंटरवरचा शेवटचा हात किरकोळ दुकानदाराचाच असतो.

काढलेला प्लग फेकण्यापूर्वी न्याहाळावा. टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन निरोगी. कोरडी काळी काजळी दिसली तर हवेचा फिल्टर तुंबलेला, चोक अडकलेला किंवा प्लग नको तितका थंड. ओलसर तेलकट टोक सिलिंडरात ऑइल चढत असल्याचे सांगते. पांढरेफटक, फोड आलेले टोक सर्वांत वाईट: इंजिन तापते आहे, कोठून तरी जादा हवा शिरते आहे. अशा वेळी नवा प्लग घालणे म्हणजे ताप उतरेना म्हणून थर्मामीटर बदलणे.

प्लग बसविताना आधी बोटांनीच पूर्ण फिरवावा, मग पान्याने नवा असल्यास अर्धा फेरा, जुना असल्यास एक अष्टमांश ते पाव फेरा. सिलिंडर हेड अॅल्युमिनियमचे असते. जोर लावला की आटे जातात, आणि शे-दीडशे रुपयांच्या वस्तूपायी हजारोंचे काम निघते.

बाकीच्या भागांचे थोडक्यात. वर सांगितलेल्या होंडा इंजिनांत ऑइल पहिल्या २० तासांनी, नंतर दर १०० तासांनी किंवा ६ महिन्यांनी बदलावयाचे. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, स्वच्छ ऑइलचा हात देऊन पिळावा. कागदी फिल्टर मात्र धुऊ नये. टू-स्ट्रोक यंत्रात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. ५० ला १ या प्रमाणात लिटरमागे २० मिलिलिटर, २५ ला १ असेल तर ४०. येथे अंदाज चालत नाही.

पुरात बुडालेल्या इंजिनाची दोरी ओढण्याचा मोह घातक आहे. सिलिंडरातील पाणी दाबले जात नाही; वाकतो तो कनेक्टिंग रॉड. आधी स्विच बंद करून प्लग काढावा, दोरी हळूहळू ओढून पाणी बाहेर काढावे, टाकी, कार्बोरेटर आणि ऑइल पूर्ण रिते करावे, सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडावे, मगच नवे ऑइल व नवा प्लग. आणि इंजिन सुरू झाले तरी ते तळघरात वा शटर ओढलेल्या दुकानात चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

यंत्र ठेवून देतानाची एक गोष्ट याच जिल्ह्यांच्या उसाशी जोडलेली आहे. पंपावरील पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते. महिनोन्‌महिने टाकीत राहिलेले असे पेट्रोल कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजवते, जुन्या रबरी नळ्या नरम करते. म्हणून पावसाळा संपताच टाकी रिकामी करावी, कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेला थेंबही काढावा. एका डब्यात योग्य क्रमांकाचा नवा प्लग, प्लगपाना, फिल्टर, ऑइलची बाटली आणि यंत्राची पुस्तिका एकत्र बांधून यंत्राजवळच ठेवावी, मात्र पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा उंचीवर.